वळचणीचं पाणी आढ्याकडे

प्रश्न थोडक्यात: पत्रलेखिका मूळच्या पुण्याच्या. यजमान इलिनॉयमध्ये मोलीनच्या बाजूला शेतीयंत्रांच्या उद्योगात इंजिनीअर, त्या स्वतः घरून काम करतात. तीन वर्षांपूर्वी दोघांनी तिथून पाऊण तासावर, जेमतेम सहाशे वस्तीच्या गावात १९१५ सालचं दीड मजली लाकडी घर १ लाख १८ हजार डॉलरला घेतलं. छपरावरचे शिंगल, म्हणजे वर बारीक खडी लावलेले डांबरी तुकडे, बावीस वर्षांचे, आणि त्यांच्याखाली त्याहून जुना आणखी एक थर. गेल्या फेब्रुवारीत वरच्या खोलीत खिडकीच्या चौकटीतून पाणी ओघळलं. मे महिन्यात गारपीट झाली, तेव्हा मात्र थेंबही आला नाही. गारपिटीनंतर चौथ्या दिवशी दारावर आलेल्या माणसाने ‘इन्शुरन्सवर फुकट छप्पर’ देऊ केलं आणि डिडक्टिबलचं (नुकसानीतला आपण स्वतः भरायचा वाटा) आम्ही बघून घेऊ, असं सांगितलं. गावातल्या रूफरने शिंगलचे १३,९०० डॉलर सांगितले, लांबच्या एका कंपनीने स्टँडिंग सीम (उभ्या सांध्यांच्या) पत्र्याचे २९,५००. यजमानांना पत्रा हवाय, म्हणजे ‘एकदाच काय ते’. पुण्याहून सासूबाई विचारतात, अमेरिकेत घर घेऊन वर पत्रा घालणार? ग्रीन कार्डची रांग हलत नाही, त्यामुळे एवढा खर्च करावा की नाही हाही घोळ आहे. गल्लीतल्या चार घरांवर इन्शुरन्सच्या पैशांनी नवी छपरं चढली. ‘आम्हीच मूर्ख ठरतोय का?’ असं त्या विचारतात. शेजारच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींनी त्याच माणसाच्या कागदावर सही केलीय, त्याचीही त्यांना काळजी आहे. पत्रासोबत घराचा हिवाळ्यातला फोटो आणि पॉलिसीचा पहिला कागद आहे.

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, फोटो मात्र चार वेळा पाहिला. पत्रात तुम्ही विचारताय, शिंगल की पत्रा. फोटोत त्याचं उत्तर नाही, पण त्याच्याही आधीच्या एका प्रश्नाचं आहे. पश्चिमेच्या वळचणीला मनगटाएवढे बर्फाचे सुळे लोंबताहेत, दोन तर खालच्या खिडकीला टेकलेत. खाली तुम्ही लिहिलंय, ‘आमचं ख्रिसमस कार्ड’. दिसतात देखणे, वादच नाही. आता जरा वर बघा. आढ्याजवळचा चार-पाच फुटांचा पट्टा काळा, उघडा. बर्फाचा मागमूस नाही. खालच्या काठावर मात्र फूटभर जाडीचा बांध. शेजारच्या आजींच्या छपराचा एक कोपरा फोटोत आलाय, तो आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसारखा पांढरा. एकाच रात्री पडलेला बर्फ, एकाच गल्लीत.

मे महिन्यात गारांसकट झोडपून पाऊस झाला आणि थेंब आला नाही, हे तुम्हीच लिहिलंय. छपराला भोक असतं तर तेव्हा आलं असतं. पाणी आलं फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, आभाळ स्वच्छ असताना. आढ्याचं पाणी वळचणीला, हे आपल्याकडे सृष्टीचा नियमच असल्यासारखं म्हणतात. तुमच्या घरावर हिवाळ्यात ते उलटं फिरतं. घरातली ऊब माळ्यात शिरते, छपराचा वरचा भाग आतून कोमट होतो, तिथला बर्फ वितळतो आणि पाणी उताराने खाली येतं. वळचण भिंतीच्या बाहेर. तिच्याखाली घर नाही, त्यामुळे ती थंडगार. तिथे पोचलं की पाणी परत गोठतं. रोज थोडं थोडं करत बांध उभा राहतो, त्याच्यामागे तळं साचतं आणि ते शिंगलच्या खालून वर सरकतं. शिंगल म्हणजे माशाचे खवले. वरून येणारं पाणी ते छान सारतात, साचलेल्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही. मग ते बावीस वर्षांचे असोत की बावीस दिवसांचे.

हे मी अनुभवाने शिकले, आणि स्वस्तात नाही. आमचं पहिलं घर विस्कॉन्सिनमध्ये, असंच जुनं. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात जेवणघराच्या छताला चहाच्या रंगाचा डाग उमटला. हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून मी तळघरातून दिवाळीचा आकाशकंदील काढून बरोबर त्या डागाखाली टांगला. एकीने ‘काय हौस बाई’ म्हणून कौतुकही केलं. उन्हाळ्यात आम्ही आठ-नऊ हजार घालून छप्पर बदललं. पुढच्या जानेवारीत डाग त्याच जागी, जरा मोठा. रूफरला चिडून फोन केला. तो आला, छपराकडे बघितलंही नाही. माळ्यात डोकं घातलं, खाली उतरला आणि म्हणाला, बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यातच सोडलीय, बाहेर काढलेलीच नाही. इतकी वर्षं आम्ही रोजच्या आंघोळीची वाफ माळ्याला पाजत होतो.

तेव्हा पहिलं काम पैशांचं नाही. चांगली बॅटरी घ्या आणि माळ्यात चढा. दीड मजली घरात माळा सलग नसतो; वरच्या खोलीच्या तिरक्या छतामागे, कमरेएवढ्या भिंतींच्या पलीकडे अंधारे बोळ असतात. असली घरं बर्फाच्या बांधासाठी बदनाम आहेत, ती या बोळांमुळेच. तेही उघडा. चिमणी वर जाते तिथे चारी बाजूंनी फट आहे का? दिव्यांच्या तारा, पाइप वर येतात त्या भोकांतून हात धरला तर ऊब लागते का? बाथरूमच्या पंख्याची आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीची नळी नक्की कुठे संपते? आपल्या घरांत कुकरच्या शिट्ट्या आणि फोडण्या रोजच्या, त्यामुळे हे आपल्याला जास्त लागू. थंडीच्या सकाळी गेलात तर छपरातून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं दंव दिसेल. एकेका खिळ्यावर साबुदाण्यासारखा दाणा. ते दंव म्हणजे तुमच्या घरातली वाफ.

आणि खाली पसरलेल्या इन्सुलेशनची जाडी पट्टी लावून मोजा. तुमच्या भागात माळ्याला निदान आर-४९ हवं (‘आर’ म्हणजे ऊब अडवायची ताकद), म्हणजे फवाऱ्याने भरायचं सेल्युलोज असेल तर चौदा इंचांच्या आसपास. शंभर वर्षांच्या घरात चार-पाच इंच निघालं तर नवल नाही. क्रम मात्र उलटा करू नका. आधी फटी फोमने बुजवायच्या, मग वर इन्सुलेशन. आणि वळचणीच्या खालून माळ्यात येणारी गार हवा अडेल असं काही करायचं नाही, तिची वाट मोकळी ठेवायची. तुमच्याएवढ्या घराला या सगळ्याला दोन ते चार हजार डॉलर धरा. वीज किंवा गॅस कंपनीची घर तपासून देण्याची योजना आहे का तेही विचारा. ते दाराला मोठा पंखा लावून घरातली हवा ओढतात आणि गळती कुठे आहे ते दाखवतात. आपण आठ दिवस शोधत बसू ते तासाभरात कळतं.

हे होईपर्यंत हिवाळा आलाच, तर लांब दांड्याचा बर्फ ओढायचा रेक आणा आणि जमिनीवर उभं राहूनच खालचा तीन-चार फुटांचा बर्फ ओढून काढा. बांध झालाच तर जुन्या स्टॉकिंगमध्ये कॅल्शियम क्लोराइड भरून ती बांध ओलांडून वरून खाली अशी उभी टाकतात, म्हणजे पाण्याला वाट होते. ओंगळ दिसतं, पण काम होतं. साधं मीठ नको, ते पन्हळीचा पत्रा खातं. कुऱ्हाड तर नकोच. यजमानांना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

मग छप्पर बदलायचं नाही का? बदलायचं. बावीस वर्षांच्या शिंगलचं आयुष्य संपत आलेलंच आहे, आणि खाली अजून एक थर आहे. इमारतींच्या नियमावलीत दोनच्या वर थर चालत नाहीत, म्हणजे यावेळी दोन्ही उपसून काढावेच लागणार. पण घाई कशाची? छप्पर पावसाला अजून टिकून आहे. हे काम तुम्ही पुढच्या वसंतात, चार जणांना विचारून, शांतपणे करू शकता. हिवाळ्यात रूफरकडे वेळ असतो, तेव्हाच बोलून नंबर लावून ठेवा. शिंगलची चिकटपट्टी उन्हाच्या उबेनेच नीट धरते, त्यामुळे डिसेंबरात कोणी ‘आत्ता स्वस्तात करतो’ म्हणाला तरी मोह नको.

आता अंदाजपत्रकं. इथे छप्पर ‘स्क्वेअर’मध्ये मोजतात, एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट. तुमचं बावीस स्क्वेअर. गावातल्या माणसाचा भाव एका स्क्वेअरला साधारण ६३० डॉलर पडतो, पत्र्याचा १,३४०. दोन्ही आकडे बाजाराला धरून आहेत. मला आकड्यांपेक्षा कागदावर काय लिहिलेलं नाही, याची जास्त काळजी वाटली.

गावातल्या रूफरच्या कागदावर खालच्या फळ्यांबद्दल एक शब्द नाही. १९१५ सालच्या घरावर पहिलं छप्पर बहुधा लाकडी चिपांचं असणार, आणि त्या चिपा फटी सोडून ठोकलेल्या फळ्यांवर बसवत. वर शिंगल चढले तरी खालच्या फटी कधीकधी तशाच राहतात. माळ्यात गेलात की वर बॅटरी मारा. दोन फळ्यांमध्ये तीन-तीन बोटं जागा दिसली, तर सगळ्या छपरावर आधी ओएसबीच्या (लाकडाचे तुकडे दाबून केलेल्या) शीट ठोकाव्या लागतील. एक शीट बत्तीस चौरस फुटांची, म्हणजे तुम्हाला एकोणसत्तर. मजुरीसकट शीटला ऐंशी डॉलर धरले तर साडेपाच हजार वाढले. हे दोन्ही थर उपसल्यावर, छप्पर उघडं आणि पश्चिमेला ढग आलेले असताना कळू नये. शीटचा भाव आजच कागदावर लिहून घ्या.

दुसरं, बर्फाच्या पाण्यासाठी काठाला चिकटवायची पट्टी. कागदावर लिहिलंय, ‘एक ओळ’. नियम असा की ही पट्टी वळचणीच्या काठापासून सुरू होऊन बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत निदान चोवीस इंच गेली पाहिजे. तुमची वळचण फोटोवरून सव्वा फूट बाहेर दिसते. उतार बारा इंचांना दहा इंच, म्हणजे बारा इंच आडवं गेलं की दहा इंच चढ, चांगलाच खडा. उतारावरून मोजलं तर पन्नास इंच भरतात, आणि पट्टीची रुंदी असते छत्तीस. दोन ओळी लागतील. एका ओळीसाठी कोणी लबाडी करत नसतं. कमी उताराच्या छपरांची सवय झालेली असते, एवढंच. हिशोब दाखवा, तो हसून दुरुस्त करेल. चिमणीभोवतीचं पत्र्याचं काम नवीन करणार की जुनंच वापरणार, हेही विचारा. नवं छप्पर आणि जुनी चिमणीची पट्टी, हा गळतीचा नेहमीचा ठिकाणा.

पत्र्याच्या कंपनीला एकच प्रश्न विचारा: तुम्ही जुने दोन थर काढणार आहात की वरूनच पत्रा टाकणार? त्या कागदावर ‘काढणे आणि विल्हेवाट’ हा खर्च मला दिसला नाही.

आता पत्र्याकडे. सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. आपल्या मनात पत्रा म्हणजे खुराडं, गोठा, नळावरची रांग आणि पावसात टीव्ही ऐकू येत नाही ते घर. मिडवेस्टात पत्रा गोठ्यावर असतोच, पण घरावरचा स्टँडिंग सीम पत्रा ही श्रीमंती आहे. सांधे उभे, दुमडलेले, एकही स्क्रू उघडा नाही. खाली अखंड फळी असेल तर आवाजही फारसा येत नाही. गोठ्यावरचा तो वेगळा. त्याचे स्क्रू बाहेरून दिसतात, त्यांच्याखालच्या रबराच्या चकत्या पंधरा-वीस वर्षांत कडक होतात आणि मग स्क्रू बदलत बसावं लागतं. भावात दोन्हींचा निम्म्याचा फरक. कोणी ‘मेटल रूफ’ अर्ध्या किमतीत देतोय म्हणाला, तर ते बहुधा हे दुसरं. म्हणजे सासूबाईंना एक फोटो पाठवा, त्यांचा आक्षेप मिटेल. यजमानांचं ‘एकदाच काय ते’ मात्र मला इतक्या सहज पटत नाही.

हा विचार स्लॅबच्या पिढीचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांना छप्पर एकदाच घालायचं असतं हे ऐकून हसू आलं असतं. कोकणात मे महिना लागला की घर शाकारायचं, कौलं परतायची, फुटकी काढून नवी सरकवायची. पावसाळ्याच्या तयारीत ते लोणच्याच्या बरोबरीचं काम. आणि स्लॅबही कुठे एकदाच काय ते? पुण्याच्या कुठल्याही सोसायटीच्या सभेला जा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून कोण कोणाशी बोलत नाही ते कळेल. छपराला गाडीच्या टायरसारखं समजा. चांगलं घ्या, पण ते झिजणार हे धरून.

आणि पत्रा घातला म्हणून माळ्यातली ऊब थांबत नाही. बर्फ तुमच्या दारापुढे एकदम घसरून पडेल ते निराळंच. गॅसचा मीटर किंवा प्रोपेनची नळी त्या बाजूला असेल तर वर बर्फ अडवायच्या खुंट्या लावाव्या लागतील. शिवाय बऱ्याच पॉलिसींत पत्र्याला गारांनी नुसते खळगे पडले, गळती नसेल, तर पैसे देणार नाही असं कलम असतं. विचारून घ्या.

हिशोब मांडू. चांगले जाड शिंगल १३,९००, वाईटात वाईट फळ्यांचे ५,५००, माळ्याचे ३,०००. झाले २२,४००. घर कोरडं, आणि गरम ठेवायचा खर्चही कमी. नुसता पत्रा २९,५००, आणि सुळे बहुतेक तसेच. घर घेतलंत १ लाख १८ हजारांना. त्याच्या पाव किमतीचा पत्रा सहाशे वस्तीच्या गावात विकताना परत मिळेल, असं मला वाटत नाही. हेच घर तुमचं कायमचं असतं, तुम्ही पन्नाशीत असता आणि तीस वर्षं तिथेच राहायचं पक्कं असतं, तर मी यजमानांच्या बाजूने बोलले असते. शिंगल घेताना गारांना टिकणारे ‘क्लास ४’ दर्जाचे किती जास्त पडतात ते विचारा आणि एजंटला विचारा, हप्त्यात सूट मिळते का. मिळत असेल तर फरक बऱ्यापैकी भरून निघतो.

इन्शुरन्सचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या कागदातच आहे. तो कागद पाठवलात हे फार बरं केलंत, बहुतेक जण तो उघडतही नाहीत. त्यावर घराचा विमा २ लाख ४० हजारांचा आहे. घेतलं त्याच्या दुप्पट कसं, म्हणून चक्रावू नका. ती बांधून उभं करायची किंमत आहे, विकायची नाही. खेड्यात या दोन आकड्यांत असं अंतर असतंच. वारा आणि गारपिटीचं डिडक्टिबल दोन टक्के, म्हणजे ४,८०० डॉलर. आणि त्याखालच्या बारीक ओळीत छपरासाठी लिहिलंय, ‘अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू’. म्हणजे नव्याची किंमत नाही. झीज वजा करून जुन्याची. शिंगलचं आयुष्य पंचवीस वर्षं धरलं तर उरली तीन, म्हणजे बारा टक्के. १३,९०० चे बारा टक्के १,६६८. त्यातून ४,८०० वजा केले की हातात शून्य.

हे त्या दारावरच्या माणसाने सांगितलं नाही, कारण त्याने कागद बघितलाच नव्हता. गल्लीतल्या त्या चार घरांची पॉलिसी नव्या किमतीची असेल, किंवा गारा त्यांच्या बाजूला मोठ्या पडल्या असतील. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, आणि तुम्ही मूर्ख ठरलात असंही नाही. तुम्ही लिहिलंय, गारा ‘बोराएवढ्या’ होत्या. आता बोर अहमदाबादी की गावठी, हा प्रश्न आहेच! अमेरिकेची हवामान संस्था २०१० पासून एक इंचाच्या गारेला तीव्र म्हणते. पन्हळीच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमवर, छपरातून वर आलेल्या पाइपांच्या टोप्यांवर खळगे आहेत का बघा; तिथेच नसतील तर शिंगलवर शोधण्यात अर्थ नाही. अ‍ॅडजस्टर (इन्शुरन्स कंपनीचा तपासनीस) आला की तो प्रत्येक उतारावर दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखतो आणि त्यातल्या घावांभोवती खडूने वर्तुळं काढून मोजतो. नुसतं जुनं झालं, खडी झडली, याचे पैसे कुठलीच पॉलिसी देत नाही. आणि क्लेम केला, शून्य मिळालं, तरी त्याची नोंद सात वर्षांपर्यंत राहू शकते. तुमच्या कागदावर तरी मी क्लेम केला नसता. पॉलिसीचं नूतनीकरण येईल तेव्हा नवीन छपराची पावती दाखवून नव्या किमतीचं संरक्षण मागा.

‘डिडक्टिबलचं आम्ही बघून घेऊ’ या वाक्याबद्दल. तो स्वतःच्या खिशातून ४,८०० देणार नसतो. बिलात फुगवून इन्शुरन्सकडून काढणार असतो, आणि त्या बिलाखाली तुमचं नाव असतं. इलिनॉयच्या कायद्यात कंत्राटदाराने असं आमिष दाखवायला बंदीच आहे. व्हिसावर असलेल्या माणसाने तर अशा कागदाच्या जवळही जाऊ नये. वादळामागून हे लोक फिरतातच. १० ऑगस्ट २०२० चा डेरेचो (सरळ रेषेत धावणारं वाऱ्याचं वादळ) आयोवातून इलिनॉयमध्ये आला, सीडर रॅपिड्समध्ये ताशी १४० मैलांच्या घरात वारा होता, असा अंदाज आहे. त्यानंतर निळ्या ताडपत्र्या आणि परराज्यांच्या नंबरप्लेटी बरोबरच दिसू लागल्या. त्यातले काही चांगले कारागीर होते. पण फेब्रुवारीत गळलं तर तो माणूस टेक्ससमध्ये असतो.

यजमानांना गावातला रूफर पटत नाही, कारण त्याचा कागद हाताने लिहिलेला, ईमेलला उत्तर नाही, फोन उचलतो तो रात्रीच्या जेवणानंतर. मला तर हेच आवडलं. सहाशे वस्तीच्या गावात पोस्टात, पेट्रोल पंपावर, शाळेच्या फुटबॉल सामन्याला रोज तीच माणसं भेटतात. तिथे वाईट काम करून राहणं अवघड. पण ओळखीवर विसंबू नका. इलिनॉयमध्ये रूफरला राज्याचा परवाना लागतो आणि तो क्रमांक कागदावर छापलेला असावा लागतो. राज्याच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. (ओहायो-इंडियानाच्या वाचकांनो, तुमच्याकडे राज्याचा असा परवाना नाही, तिथे डोळे जास्त उघडे ठेवा.) कामगारांच्या विम्याचा दाखला त्याच्या हातून न घेता त्याच्या एजंटकडून थेट मागवा, एवढ्या खड्या छपरावरून कोणी पडलं तर प्रश्न तुमच्या अंगणात येतो. हजार डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार हवाच. सगळे पैसे आधी देऊ नका. माल अंगणात उतरल्यावर तिसरा हिस्सा, बाकी काम झाल्यावर. शेवटचा चेक देताना माल पुरवणाऱ्या दुकानाची ‘लीन वेव्हर’वर, म्हणजे घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर, सही घ्या. रूफरने दुकानाचे पैसे थकवले तर दुकान तुमच्या घरावर बोजा चढवू शकतं, हे आपल्या लोकांना ठाऊकच नसतं. आणि गावच्या कार्यालयात परवानगी लागते का विचारून घ्या. इलिनॉयमध्ये ‘व्हिलेज’ हा कायद्याचा शब्द आहे, अध्यक्ष आणि सहा विश्वस्त असतात. क्लार्कबाई आठवड्यातून दोनच सकाळी बसत असतील, पण गावात कोणाचं छप्पर कोणी केलं आणि कोणाचं गळलं, ते त्यांना तोंडपाठ असतं.

ग्रीन कार्डची रांग छपराला कळत नाही. पुढची पाच वर्षं तिथे असाल असं वाटतं ना? मग एवढं करा. उद्या निघावं लागलं तरी ओला माळा दाखवून घर विकायला गेलात, तर घेणारा याहून जास्त कापेल.

शेजारच्या आजींकडे मात्र हे वाचून झाल्यावर लगेच जा. त्यांचा कागद मागून घ्या, तारीख बघा. दारावर येऊन केलेला करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो, हा देशभरचा नियम आहे. ते उलटले असतील, तरी इलिनॉयमध्ये इन्शुरन्सने क्लेम नाकारल्याचं लेखी कळल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत करार मोडता येतो. पत्र रजिस्टर्डने पाठवायला त्यांना मदत करा. त्यांना छप्पर खरंच लागणार असेल आणि उत्पन्न फार थोडं असेल, तर अमेरिकेच्या कृषी खात्याची ग्रामीण घरदुरुस्तीची योजना आहे. कृषी खातं लोकांच्या छपरांना पैसे देतं हे ऐकून मीही चकित झाले होते. ४० हजार डॉलरपर्यंत कर्ज, एक टक्का व्याज, वीस वर्षं मुदत. १२ हजार घेतले तर महिन्याला पंचावन्न डॉलर. वय बासष्टच्या पुढे असेल आणि कर्ज फेडणं शक्यच नसेल, तर १० हजारांपर्यंत अनुदानही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं, त्यामुळे ही योजना तुमच्यासाठी नाही, पण अर्ज भरायला आजींना तुमच्यासारखं कोणी लागेल. त्यांच्या छपरावर बर्फ इतका वेळ कसा टिकतो, हेही विचारून या. माळ्यात कोणी, कधी, काय भरलं, ते त्यांना बहुतेक आठवत असेल.

फटी बुजवून आणि इन्सुलेशन भरून झालं, की पहिला मोठा बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या पलीकडे, गेल्या वेळी उभ्या होतात त्याच जागी उभ्या राहा आणि परत फोटो काढा. आजींचं छप्पर चौकटीत येऊ द्या. तुमचंही त्यांच्याइतकंच पांढरं दिसलं, तर मला पाठवा.